पथ्य मोडलं एका दुपारी, नुकसान झालं पुढच्या तीन दिवसांत

ताई, तुम्ही बरंच सविस्तर लिहिलं आहे, म्हणून आधी त्यातला गाभा मांडते. वय ४३. एप्रिलमध्ये एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, ६.१ आली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, सहा महिने खाण्यापिण्याकडे आणि चालण्याकडे लक्ष द्या, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासू. तुम्ही साखर बंद केली, भात बंद केला, पहाटे मैत्रिणींबरोबर चालायला लागलात, पाच किलो वजन उतरलं. गौरीपूजनाच्या दिवशी सासरी तीन पुरणपोळ्या तुपाबरोबर खाल्ल्या. संध्याकाळी ‘आता मोडलंच आहे’ म्हणून मोदक, रात्री सगळे झोपल्यावर ओट्याशी उभं राहून उरलेलं पुरण. विसर्जनापर्यंत तेच चाललं. घरी येऊन काट्यावर उभ्या राहिलात तर १.८ किलो जास्त. मग एक दिवस नुसतं लिंबूपाणी, दुसऱ्या दिवशी फक्त फळं, आणि तिसऱ्या रात्री चिवड्याचं अख्खं पाकीट आणि वर प्रसादाचे पेढे. चालायला जाणं थांबलं, कारण मैत्रिणी विचारतील. ग्लुकोमीटर, म्हणजे घरी साखर मोजायचं मशीन, कपाटात गेला. आता तुम्ही विचारताय: भरपाई म्हणून आणखी कडक उपास करू का, माझ्यात संयमच नाही का, आणि हा अपराधीपणा कसा घालवू?

मी आहारतज्ज्ञ आहे, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक जण मधुमेहाचे किंवा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे असतात. श्रावण सुरू झाला की दिवाळी संपेपर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकते. म्हणून पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुमच्या हकिगतीत जी घटना तुम्हाला सगळ्यात जास्त खुपते आहे, ती दुपारची तीन पुरणपोळ्यांची पंगत, ती मला सगळ्यात कमी काळजीची वाटते. मला खटकतं ते त्यानंतरचं: रात्रीचं पुरण, लिंबूपाण्याचा दिवस, कपाटात गेलेलं मशीन आणि बंद पडलेलं चालणं. या चारही गोष्टी अपराधीपणामुळे घडल्या आहेत. तेव्हा ‘तो घालवू कसा’ याच्या आधी ‘तो माझ्याकडून काय काय करवून घेतो’ हे पाहू.

आधी काट्याचा हिशेब उरकून टाकू, कारण घबराट तिथून सुरू झाली. शरीरात एक किलो चरबी साठायला ढोबळमानाने ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. तुमचे १.८ किलो सगळे चरबीचे असते तर दोन दिवसांत जवळजवळ १४,००० कॅलरी नेहमीच्या जेवणाच्या वर पोटात जायला हव्या होत्या. पुरणपोळीचा आकार आणि तूप घराघरात बदलतं, पण सरासरी ३०० कॅलरी धरल्या तर चाळीसहून जास्त पोळ्या झाल्या, आणि त्याही रोजच्या जेवणाव्यतिरिक्त. हे झालेलं नाही. झालं ते असं: पाच महिने भात आणि साखर टाळल्यामुळे तुमच्या यकृतात आणि स्नायूंत साठणारी साखर, म्हणजे ग्लायकोजेन, कमी झालेली होती. दोन दिवस पुरण, गूळ, तांदळाची उकड असं मिळाल्यावर तो साठा भरून निघाला. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. त्यात सणाच्या जेवणातलं मीठ, पापड, लोणचं, भजी. मिठानंही पाणी धरून ठेवलं जातं. पोटात न पचलेलं अन्न असतं तेही काट्यावर वजन दाखवतंच. खरी चरबी वाढली असेल तर ती पाव ते अर्ध्या किलोच्या आसपास. नेहमीचं जेवण सुरू ठेवलं की पाण्याचं वजन आठवडाभरात आपोआप उतरतं. लिंबूपाण्याच्या दिवसानंतर काटा झपकन खाली आला असेल आणि तुम्हाला वाटलं असेल की उपास लागू पडला. तेही मुख्यतः पाणीच होतं.

रक्तातल्या साखरेचंही तसंच. एचबीए१सी मागच्या दोन ते तीन महिन्यांचा अंदाज देतं, त्यात अलीकडच्या महिन्याचा वाटा सगळ्यात मोठा. गौरीच्या त्या दोन दिवसांत साखर नक्की चढली असणार, यात मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण अशा दोन दिवसांमुळे हा आकडा फारसा हलत नाही. सहा आठवडे अधूनमधून उपाशी राहून रात्री फडताळ रिकामं करण्यानं तो हलू शकतो. म्हणून म्हटलं, पंगतीचा हिशेब छोटा आहे.

आता संयमाचा प्रश्न. अमेरिकेत १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजमधल्या तरुणींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं, मग आइसक्रीम चाखायला दिलं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. ज्या डाएट करत नव्हत्या त्यांनी मिल्कशेकनंतर आइसक्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ हिशेब. ज्या एरवी खाण्यावर कडक ताबा ठेवत होत्या त्यांनी मात्र मिल्कशेकनंतर आइसक्रीम जास्त खाल्लं. मिल्कशेकनं त्यांचा आजचा नियम मोडला होता, आणि नियम मोडल्यावर थांबायचं कुठे याला आधारच उरला नाही. तुमचं ‘आता मोडलंच आहे’ हे वाक्य म्हणजे हाच प्रयोग तुमच्या सासरच्या स्वयंपाकघरात. तुमच्या जावेनंही त्या दुपारी तीन पोळ्या खाल्ल्या असतील. ती रात्री ओट्याशी आली नाही. तिचा संयम तुमच्यापेक्षा मोठा आहे असं मला वाटत नाही; तिच्याकडे मोडायला नियमच नव्हता.

दारू सोडणाऱ्यांवर काम करणारे अ‍ॅलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात अशीच गोष्ट मांडली. एकदा घोट घेतला गेला, तर पुढे काय होणार हे बरंचसं त्या माणसानं स्वतःला काय सांगितलं यावर ठरतं. ‘आज लग्नात मित्रांनी धरलं, मी सावध नव्हतो’ असं म्हणणारा दुसऱ्या दिवशी सावरतो. ‘मी आहेच असा दुबळा’ असं म्हणणारा प्यायचं चालू ठेवतो, कारण दुबळ्या माणसानं सावरायचं कशासाठी? अन्नाचं आणि दारूचं एक नाही, दारू पूर्ण सोडता येते आणि जेवण सोडता येत नाही. पण स्वतःला लावलेल्या दूषणाचं काम दोन्हीकडे सारखंच चालतं.

तुम्ही लिहिलंय, ‘मला स्वतःची किळस येते.’ चूक झाली असं वाटणं वेगळं. त्यात पुढच्या वेळी काय करायचं याला जागा असते. किळसेत ती नसते. किळस आली की माणूस लपतो. पहाटेच्या मैत्रिणींपासून तुम्ही लपलात, मशीनपासून लपलात, आणि खाणंसुद्धा लपून झालं. लपून खाल्लेलं अन्न कधीच पुरत नाही, असा माझा पाहण्यातला अनुभव आहे. ताटात वाढून घेतलेल्या दोन मोदकांनी तृप्ती होते. अंधारात डब्यातून बोटानं काढलेल्या पुरणाचं प्रमाण कळत नाही आणि चवही धड लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी लोकांना पटायला वेळ लागतो. अपराधी वाटत राहणं हे काहीतरी केल्यासारखं वाटतं. दिवसभर मन खात राहिलं, रात्री झोप लागली नाही, म्हणजे आपण किंमत मोजली असं मन समजतं. प्रत्यक्षात त्या दिवसात भाजी जास्त खाल्ली गेली नाही, चालणं झालं नाही, साखर तपासली गेली नाही. अपराधीपणा जबाबदारीचा आव आणतो आणि काम काहीच करत नाही. त्यामुळे ‘वाईट वाटलं नाही तर मी सुधारणार कशी’ ही भीती सोडून द्या. न्यूझीलंडमधल्या कॅन्टरबरी विद्यापीठातल्या संशोधकांनी चॉकलेट केक म्हटल्यावर मनात अपराधीपणा येणाऱ्या आणि आनंद येणाऱ्या लोकांची तुलना केली होती, २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. अपराधी वाटणाऱ्यांचे आरोग्याचे बेत काही अधिक पक्के नव्हते, खाण्यावर आपला ताबा आहे असं त्यांना कमीच वाटत होतं, आणि पुढच्या दीड वर्षात वजन टिकवण्यातही ते मागे पडले. त्याआधी २००७ मध्ये अ‍ॅडम्स आणि लिअरी यांच्या प्रयोगात डोनट खाल्लेल्या, एरवी खाण्याचे निर्बंध पाळणाऱ्या तरुणींपैकी काहींना ‘सगळेच कधीतरी असं खातात, मनाला लावून घेऊ नका’ अशा अर्थाचं बोलून पुढे गोळ्या-चॉकलेटं दिली. त्यांनी ती कमी खाल्ली. ज्यांना असं कुणी काही म्हटलं नव्हतं त्यांनी जास्त. प्रयोग छोटे आहेत, तुमच्या-माझ्या घरातले नाहीत. पण माझ्यासमोर रोज जे घडतं त्याच्याशी ते जुळतात.

तेव्हा कडक उपासाचं उत्तर: नको. तुम्ही श्रद्धेनं एकादशी किंवा संकष्टी करत असाल तर तो वेगळा विषय, त्यात मी हात घालत नाही (‘एकादशी, दुप्पट खाशी’ एवढं मात्र टाळा, साबुदाण्याच्या खिचडीची मोठी ताटली साखरेच्या दृष्टीनं पथ्याची नाही). खाल्ल्याची शिक्षा म्हणून केलेला उपास मात्र तिसऱ्या रात्री स्वतःच मोडतो, आणि तुमच्याकडे त्याचा पुरावा आहे. लिंबूपाणी आणि फळांवर दोन दिवस काढल्यावर चिवड्याचं पाकीट संपणं हा दुबळेपणा नव्हे, भूक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीझ यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने निम्म्याच्या आसपास अन्नावर ठेवलं होतं. नंतर मनसोक्त खाण्याची मुभा मिळाली तेव्हा त्यातले काही जण पोट तडस लागेपर्यंत खाऊनही भूक राहिल्याचं सांगत. त्या तरुणांना खाण्यापिण्याचा कसलाच विकार नव्हता. तुमचे दोन दिवस त्या टोकाचे नाहीत, पण दिशा तीच.

मग करायचं काय? पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीचं. एवढंच सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, काहीतरी जालीम हवं असतं. तरी तेच सांगेन. पंगतीनंतरच्या संध्याकाळी भूक नसेल तर जेवण हलकं करा: मुगाची खिचडी आणि ताक, किंवा एक भाकरी, पालेभाजी आणि वरण. जेवण वगळू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा नाश्ता. त्यात डाळ, अंडं, पनीर, मोड आलेलं कडधान्य, यातलं काहीतरी असू द्या. मुगाचं धिरडं उत्तम. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, याने जेवणानंतरची साखर खरोखर कमी चढते. पण हे चालणं पोळ्या ‘जाळायला’ नाही. ट्रेडमिलवर पोळ्यांचा हिशेब फेडणारी माणसं मी पाहते, आणि व्यायामाचा कंटाळा सगळ्यात आधी त्यांनाच येतो. काट्यावर आठवडाभर उभं राहू नका. ग्लुकोमीटर मात्र आजच बाहेर काढा.

आणि एक काम कागदावर. पूजनाच्या दिवशी काय झालं ते विशेषणं न लावता लिहा. ‘राक्षसासारखं खाल्लं’ असं नाही. वेळ, काय खाल्लं, त्याआधी किती तास पोट रिकामं होतं, किती झोपला होतात, त्या क्षणी मनात काय आलं. तुमच्या लिखाणात एक वाक्य जाता जाता आलं आहे: ‘नैवेद्य व्हायला साडेतीन वाजले.’ तुमच्यासाठी ती साधी गोष्ट असेल, पण माझ्या दृष्टीनं सगळ्या हकिगतीतली सगळ्यात महत्त्वाची तीच. पहाटे उठून पुरण शिजवायचं, वाटायचं, सोळा भाज्या, भजी, पूजा, आणि नैवेद्य होईपर्यंत चहाशिवाय तोंडात काही नाही. साडेतीनला पानावर बसलेल्या बाईनं तीन पोळ्या खाल्ल्या तर त्यात आश्चर्य कसलं? रात्री एक वाजता भांडी आवरून झाल्यावर, थकलेलं शरीर, कमी झोप, दिवसभर दुसऱ्यांना वाढून झालेलं, अशा वेळी ओट्यावरचं पुरण हा दिवसातला पहिला निवांत क्षण होता. कमी झोपेनं भूक आणि गोडाची ओढ वाढते, हेही ठाऊक असलेलंच आहे. मग पुढच्या वर्षीची उपाययोजना संयम वाढवण्याची नाही. सकाळी नऊ वाजता मूठभर शेंगदाणे आणि एक ग्लास दूध किंवा ताक. तुमच्याकडे नैवेद्याआधी काहीही चालत नसेल तर निदान नैवेद्य एक वाजता व्हावा यासाठी कामं वाटून घ्या. घरात आणखी माणसं आहेत ना? पुरुषांनाही पुरण वाटता येतं. उरलेलं पुरण रात्रीच डब्यांत भरून पाहुण्यांबरोबर द्या किंवा फ्रीझरमध्ये टाका. अन्न वाया जाऊ नये हे खरं, पण ते संपवण्याची जबाबदारी घरातल्या सुनेच्या पोटावर असते हे मला मान्य नाही.

इथवरचं थोडक्यात: पोळ्यांनी फारसं बिघडलं नाही, भरपाईचा उपास सोडा, पुढचं जेवण नेहमीचं घ्या, आणि दोष शोधायचाच तर तो दिवसाच्या आखणीत शोधा. आता पुढच्या महिन्यांबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे.

तुमचे नियम पाहा: साखर बंद, भात बंद. हे नियम चैत्रात सुरू झाले आणि आषाढापर्यंत टिकले, कारण तोवर आपल्याकडे सणवार कमी. मग श्रावणी सोमवार, राखी, गणपती, गौरी. पितृपक्षात कुणाकडे खीर-वड्यांचं जेवण. नवरात्राचे उपास, दसरा, कोजागिरीचं आटवलेलं दूध, दिवाळी, आणि पाठोपाठ लग्नसराई. ज्याला तुम्ही अपवाद म्हणताय तो आपल्या कॅलेंडरचा अर्धा भाग आहे. ‘कधीच नाही’ या शब्दांवर उभं केलेलं पथ्य भाद्रपदात मोडणारच होतं. दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांत उरकायचं, अशी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पाळणारेही माझ्याकडे येतात. काहींना ती छान मानवते, पण तिसऱ्यांदा घासभर तोंडात गेला की दिवसच वाया गेला असं मानणाऱ्यांची तुमच्यासारखीच गत होते. पद्धत कोणतीही असो, ती मोडल्यावर काय करायचं हे त्या पद्धतीत लिहिलेलं हवं.

भात परत आणा. एक मुदीएवढा, वरण आणि भाजीबरोबर, मोजून. भात मोजून खाता आला की त्याची दहशत जाते. रोजच्या चहातली साखर बंद ठेवली आहे ती तशीच ठेवा, ती सवय चांगली लागली आहे. गोड मात्र ठरवून खा. सणाचं गोड सणाच्या दिवशी, जेवणाच्या ताटात, बसून, सगळ्यांसमोर. आधी कोशिंबीर, भाजी, कटाची आमटी किंवा वरण, मग पोळी, या क्रमानं खाल्लं तर साखर तितकी झरकन चढत नाही. पोळी अर्धी मागा, लागली तर आणखी अर्धी. दीड पोळीवर थांबलात तर उत्तम, दोन झाल्या तर दोन झाल्या.

आग्रहाबद्दल एक युक्ती. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की वाढणारी थांबत नाही. म्हणून पोळी सावकाश खा, ताटात शेवटपर्यंत थोडी कोशिंबीर आणि अर्धी चतकोर पोळी राहू द्या, आणि ‘नको’ म्हणण्याऐवजी ‘आमटी वाढा’ म्हणा. वाढणाऱ्याला वाढल्याचं समाधान मिळतं. दुसरा त्रास टोमण्यांचा: ‘काय गं, तुझं डाएट होतं ना?’ हे वाक्य ऐकल्यावर बायका दोनपैकी एक करतात. पोळी खाली ठेवतात आणि रात्री लपून खातात, किंवा ‘जाऊ दे’ म्हणून चार खातात. तुम्ही शांतपणे म्हणा, ‘हो, आहे. आज पुरणपोळीही आहे.’ विषय तिथेच संपतो.

दिवाळीचं आत्ताच ठरवा. फराळातले तुमचे खरेच आवडते दोन पदार्थ निवडा. बाकीचे ‘आहेत म्हणून’ खाल्ले जातात. घरात निम्म्या प्रमाणात करा; दोन किलोचा चिवडा चार माणसांच्या घरात महिनाभर पुरतो आणि महिनाभर छळतो. फराळ बशीत काढून नाश्त्याच्या वेळी, डब्यातून येता-जाता नाही. शुगर फ्री मिठाईच्या फंदात पडू नका. साखर नसली तरी खवा, मैदा, तूप तिथेच असतं, आणि ‘चालतं’ म्हणून दुप्पट खाल्लं जातं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही गोळ्या घेत नाही म्हणून मी इतकं मोकळं बोलते आहे. जे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेतात त्यांनी सणानंतर भरपाईचा उपास केला आणि औषध चालू ठेवलं तर साखर ७०च्या खाली घसरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि डॉक्टरांशी बोलायचं. जास्त खाल्लं म्हणून स्वतःच्या मनानं गोळी वाढवणंही नको. काही आजारांत एकदाचं पथ्य मोडणंही खरोखर महागात पडतं: डायलिसिसवरच्या माणसाचं शहाळं, हृदय कमजोर असलेल्याचं पापड-लोणचं, सीलिएक (गहू न सोसणारा आजार) असलेल्याचा गहू. तिथेही अपराधीपणा उपयोगाचा नाही, पण ‘होऊ दे’ म्हणणंही नाही. काय आणि किती खाल्लं ते त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

आणि एक गोष्ट तुम्हाला विचारते, कारण तुम्ही लिहिलेलं नाही. खाल्ल्यावर बोटं घालून उलटी करणं, जुलाबाचं चूर्ण घेणं, असं काही झालंय का? किंवा थोड्या वेळात खूप खाणं, थांबताच न येणं, लपून खाणं, हे सणासुदीपुरतं नसून आठवड्यातून एकदा तरी, तीन महिन्यांपासून चालू आहे का? असेल तर हा आहाराच्या तक्त्याचा विषय नाही. बिंज इटिंग (ताबा सुटून वारंवार खूप खाणं) आणि बुलिमिया (असं खाऊन उलटी-जुलाबानं ते काढून टाकायला पाहणं) हे मान्यताप्राप्त आजार आहेत आणि त्यावर उपचार आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. पहिलं पाऊल अवघड वाटत असेल तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा व्यक्तीला मी वर सांगितलेलं ‘मोजून भात’ वगैरे आधी देत नाही, मोजमापच कधीकधी आजार वाढवतं.

तसं नसेल, तर तुमचं काम साधं आहे. उद्या पहाटे चालायला जा. मैत्रिणींना ‘गौरीत तीन पोळ्या खाल्ल्या, मग रुसून बसले होते’ एवढं सांगितलंत तर त्यातल्या निदान दोघी आपापल्या मोदकांचा आकडा सांगतील. ऑक्टोबरची तपासणी पुढे ढकलू नका, आणि आकडा चांगला यावा म्हणून आधीचे चार दिवस उपाशीही राहू नका. एचबीए१सीवर त्या चार दिवसांचा फारसा फरक पडत नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना पूजनाच्या दिवसाचा तो कागदही सोबत न्या, आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजलेल्या साखरेचे चार-पाच आकडे लिहून ठेवा, त्यातला निदान एक पुरणपोळीच्या जेवणानंतरचा असू दे.